ठराव संमत झाल्यानंतरचे भाषण

सभेत बहुमत मिळविणे ही एक गोष्ट. त्या बहुमताकरिता माणसे उद्या कष्ट सोसावयास सिद्ध व्हावीत ही दुसरी. पहिलीस हात वर केले की पुरते. दुसरीस वाणी लागते. पुढाऱ्याची वाणी आपल्याच पक्षाचे मन कसे वळविते, हे पाहावयाचे तर मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावरील ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्रीकडे वळणे आम्हांस इष्ट वाटते.

वर्धा येथे १४ जुलै रोजी काँग्रेस कार्यकारिणीने केलेला निर्णय आता अखिल भारतीय समितीपुढे होता. मौलाना आझाद अध्यक्ष होते. पंडित नेहरूंनी ठराव मांडला, सरदार पटेलांनी अनुमोदन दिले. ठराव संमत झाल्यावर गांधीजी प्रथम हिंदुस्थानीत व मग इंग्रजीत बोलले. १९३४ मध्येच त्यांनी काँग्रेसचे सभासदत्व सोडले होते. आज्ञा देण्याचे पद त्यांच्यापाशी नव्हते. होती ती वाणी व तिच्यामागील आयुष्य.

भाषणाचा आरंभच विचार करण्याजोगा आहे. ठराव संमत केल्याबद्दल त्यांनी सभेचे अभिनंदन केले. आणि ठरावाविरुद्ध मत देणाऱ्या तेरा जणांचेही केले! अल्पमतात असताना, लोक हसत असतानाही धीर न सोडणे हेच आपण वीस वर्षे शिकत आलो, असे ते म्हणाले. विरोधकांची मते न स्वीकारता त्यांचा मान राखणे, ही वक्त्याची केवळ चतुराई नव्हे. पराभूताचा सन्मान झाला म्हणजे विजेत्यांचाही उन्माद ओसरतो.

पुढे त्यांनी एका समुदायाचे अनेक श्रोते केले. पत्रकार, संस्थानिक, सरकारी नोकर, शिपाई, विद्यार्थी अशा प्रत्येकास त्याच्या बेताचे काम सांगितले. सरकारी नोकरांनी तूर्त राजीनामे देऊ नयेत, असे सांगताना त्यांनी न्यायमूर्ती रानड्यांचा दाखला दिला: रानडे नोकरीत राहिले, परंतु आपण काँग्रेसचे आहोत हे त्यांनी उघडपणे सांगितले. सर्वांकडे एकच त्याग मागितला असता तर पुष्कळांनी मान खाली घातली असती. येथे कोणासही पळवाट उरली नाही.

मंत्रही दिला: ‘करेंगे या मरेंगे’. तीन शब्द, लिहून घेण्याचीही आवश्यकता नाही.

परंतु याच भाषणात, लढा आजच सुरू होत नाही, आधी व्हाइसरॉयांची भेट घेऊ, असेही त्यांनी बजावले होते. अहिंसेची अट तर होतीच. ९ ऑगस्टच्या पहाटे धरपकड झाली. गांधीजी पुण्यास आगाखान राजवाड्यात, कार्यकारिणीचे नेते अहमदनगरच्या किल्ल्यात. अटी समजावून सांगणारे तुरुंगात गेले. मंत्र तेवढा बाहेर राहिला. कोणी शांतपणे छातीवर गोळी झेलली, कोणी तारा तोडल्या, रूळ उखडले. साताऱ्याकडे प्रतिसरकार उभे राहिले. १९४४ मध्ये सुटल्यावर गांधीजींनी गुप्त कार्य व मोडतोड यांस आपली संमती नसल्याचे सांगितले.

यात त्या पिढीच्या त्यागास उणेपणा आणण्याचा आमचा हेतू नाही. वाणीचा धर्म मात्र यातून कळतो. घोषणा वाऱ्यावर जाते, अट सभामंडपात राहते. म्हणून ज्यांस सभेपुढे उभे राहावयाचे आहे त्यांनी त्या रात्रीचा मंत्र जसा आठवावा, तसे त्या तेरा जणांचे अभिनंदनही आठवावे. मंत्र देणारे वक्ते पुष्कळ मिळतात. विरोधकास प्रथम वंदन करणारे विरळा.