माणसांना बुजणारं यंत्र

रोबोट आणि कला हे शब्द एकत्र आले की आपल्या फीडमध्ये ब्रश धरून चित्र काढणारा यांत्रिक हात येतो. मला त्याचं फार कौतुक नाही. मला ओढ आहे ती १९७० सालच्या एका यंत्राची. ते चित्रं काढत नसे, फक्त ऐकत असे.

त्याचा कर्ता एडवर्ड इह्नातोविच. जन्म १९२६, पोलंडमधला. महायुद्धाच्या काळात ब्रिटनला पोचलेला. ऑक्सफर्डला कला शिकला आणि मग बरीच वर्षं फर्निचरच्या धंद्यात रमला. १९६२ मध्ये धंदा सोडून थेट एका गॅरेजात राहायला गेला, पुन्हा शिल्पं करायला. पस्तिशी उलटल्यावर! १९६८ मध्ये लंडनच्या 'सायबरनेटिक सेरेंडिपिटी' प्रदर्शनात त्याचा 'सॅम' उभा राहिला. मणक्यांसारखा कणा, वर फुलासारखं डोकं, त्यात चार मायक्रोफोन. आवाज येईल तिकडे सॅम वळायचा. ओरडण्यापेक्षा हळू आणि सलग आवाजाला तो जास्त दाद द्यायचा, त्यामुळे लोक त्याच्यासमोर खूप वेळ घालवत.

मग फिलिप्स कंपनीने आइंडहोवनच्या एव्होल्युऑन या विज्ञान-प्रदर्शनासाठी काम दिलं, आणि 'सेन्स्टर' जन्मला. चार मीटरहून लांब पोलादी सांगाडा. सांधे शेवंडाच्या नांगीवरून घेतलेले, हालचाल हायड्रॉलिक, मागे कॉम्प्युटर. कुणी हळू बोललं की डोकं तिकडे वळायचं, आवाज चालू राहिला तर बाकीचं धूडही जवळ यायचं. गोंगाट झाला किंवा कुणी एकदम हात हलवला (हे रडारला कळायचं) की ते मागे सरायचं. घोडं बुजतं ना, अगदी तसं.

आतले नियम साधेच होते. पण समोरची गर्दी सतत बदलायची, त्यामुळे प्रत्येक वेळी सेन्स्टर वेगळाच वागायचा. त्याचा स्वभाव अर्धा बघणाऱ्यांकडून येत होता, असं मला वाटतं.

१९७४ मध्ये फिलिप्सने तो उतरवला. कॉम्प्युटर गेला आणि सांगाडा नेदरलँड्समधल्याच कोलाइन्सप्लाट गावात कित्येक वर्षं उघड्यावर उभा राहिला. सेन्स्टर कंपनीच्या मालकीचा होता, शिल्पकाराच्या नव्हे. इह्नातोविच पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इंजिनिअरांसोबत काम करत राहिला आणि १९८८ मध्ये गेला.

२०१७ मध्ये पोलंडमधल्या क्राकोवच्या एजीएच विद्यापीठाने तो सांगाडा विकत घेतला. आता तो पुन्हा हलतो. कॉम्प्युटर अर्थातच नवा आहे, पण जोरात टाळी वाजवली की मान मागे घेणं तेच.