गोदामाचं थिएटर होईल, पण कागद कुणाच्या नावावर?

आमच्या पथकातली पोरं सध्या एका बंद गोदामाच्या मागे लागली आहेत. पत्रे गळतात, पण आत दोनशे माणसं सहज बसतील. तालमी, जलसा, नाटक, सगळं एका छताखाली. एक स्थानिक पुढारी म्हणतो, खुशाल वापरा. करारनामा मात्र नको; आपल्याच माणसांत कागद कशाला? हे ऐकल्यापासून मला लंडनच्या एका गोदामाचा इतिहास आठवतो आहे.

बाबासाहेब 1921-22 मध्ये लंडनला 10, किंग हेन्रीज रोडवर राहिले. ते घर महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेतलं. आपली माणसं तिथे जातात, फोटो काढून परत येतात. तिथून थोडं चालत गेलं की चॉक फार्मला राउंडहाउस नावाची गोल इमारत लागते. 1847 मध्ये ती रेल्वे इंजिनांसाठी बांधली. मधोमध इंजिन फिरवायची चकती, भोवती 24 लोखंडी खांब. पुढे इंजिनं मोठी झाली, शेड अपुरी पडली, आणि गिल्बी या मद्य कंपनीने तिथे कित्येक दशकं गोदाम थाटलं. बाबासाहेब त्या भागात राहत होते तेव्हाही ते दारूचं गोदामच होतं.

1960 मध्ये ब्रिटनच्या ट्रेड युनियन काँग्रेसने ठराव क्रमांक 42 मंजूर केला. कामगार चळवळीने कलेकडे लक्ष द्यावं, असा त्याचा आशय. लंडनच्या ईस्ट एंडमध्ये कामगार ज्यू कुटुंबात वाढलेला नाटककार अर्नोल्ड वेस्कर याने त्यावरूनच ‘सेंटर 42’ काढलं. 1964 मध्ये राउंडहाउस त्याच्या हाती आलं. स्वप्न होतं कामगारांच्या हक्काच्या कलाकेंद्राचं. पण ठराव करणाऱ्या युनियनांनी खिशात हात म्हणावा तसा घातला नाही. (हे वाचताना कुणाला आपल्या अधिवेशनांची आठवण झाली तर माझा इलाज नाही.) मग खर्च भागवायला इमारत भाड्याने जाऊ लागली आणि रॉक संगीताचे कार्यक्रम होऊ लागले. 1970 मध्ये सेंटर 42 गुंडाळलं गेलं.

त्या काळात तिथे काही घडलंच नाही असं नव्हे. जुलै 1967 मध्ये याच छताखाली मुक्तीच्या प्रश्नावर मोठी परिषद भरली. स्टोकली कारमायकल तिथे ‘ब्लॅक पॉवर’वर बोलले. ब्रिटिश सरकार इतकं बिथरलं की त्यांना पुन्हा देशात यायला बंदी केली. पाच वर्षांनी मुंबईत ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली. त्या सभागृहाशी आपला थेट संबंध नसेल, पण तिथे बोललं गेलं ते आपल्याला परकं नाही.

माझ्या दृष्टीने या इतिहासातला सर्वांत कडू भाग त्यानंतरचा आहे. 1983 मध्ये राउंडहाउस बंद पडलं. डाव्यांच्या हाती असलेल्या ग्रेटर लंडन कौन्सिलच्या पुढाकाराने तिथे कृष्णवर्णीयांचं कलाकेंद्र करायचं ठरलं. नियत चांगली असेल, पण सगळा भार सरकारी पैशावर. 1986 मध्ये थॅचर सरकारने ती कौन्सिलच बरखास्त केली. ब्लॅक आर्ट्स सेंटर कागदावरच राहिलं आणि इमारत अनेक वर्षं रिकामी पडून राहिली.

शेवटी 1996 मध्ये टॉर्क्विल नॉर्मन या खेळण्यांच्या उद्योजकाने ती घेतली. 2006 मध्ये थिएटर नव्याने उघडलं. खालच्या तळघरात तरुणांसाठी स्टुडिओ निघाले, ते काम चांगलंच आहे. पण युनियनला जमलं नाही, कृष्णवर्णीय कलावंतांना मिळालं नाही, ते एका श्रीमंताच्या मर्जीने झालं.

दूर कशाला, दादरच्या आंबेडकर भवनाचं 25 जून 2016 ला काय झालं? बाबासाहेबांचा बुद्धभूषण छापखाना जिथे होता ती जागा. भल्या पहाटे बुलडोझर आला आणि ‘ही जागा समाजाची’ म्हणणारे हजारो लोक नंतर रस्त्यावर उतरले. तोवर भिंती पडल्या होत्या.

म्हणून मी पोरांना सांगितलंय, पत्रे नंतर बदलू. आधी पुढाऱ्याला विचारा, भाडेकरार किती वर्षांचा, नोंदणी कधी करायची, आणि चावी कुणाकडे राहणार? रविवारी बैठक आहे. वर्गणीचं पावती पुस्तकही त्याच दिवशी काढतो आहोत.