मदिनेचा नियम

आमच्या घरी नाना बुद्धिबळाला शतरंजच म्हणत. माझी सगळी मोहरी मारून झाली आणि पटावर एकटा बादशाह उरला, की ते "बुर्द!" म्हणून हसत आणि अर्धी मात आपल्या नावावर लावत. मी पुस्तकातला नियम पुढे करून भांडायचो. आमच्यात चुकत कोण होतं? शतरंजचा इतिहास वाचल्यावर कळलं, कोणीच नाही.

हा वाद हजार वर्षांहून जुना आहे. अब्बासी खलिफांच्या काळात शतरंज भरात होता. ९व्या शतकात अल-अदली आणि १०व्या शतकात अस-सूली या नामांकित खेळाडूंनी त्यावर ग्रंथ लिहिले. त्या काळचा वजीर आजच्यासारखा जबरदस्त नव्हता. तिरका एकच घर चालायचा. एवढ्या तुटपुंज्या बळावर मात करणं कठीण. म्हणून समोरच्याचा बादशाह एकटा पाडला तरी डाव जिंकला, असं ठरलं.

पण इथेच एक पेच उभा राहिला. मी तुमचं शेवटचं मोहरं मारलं आणि लगेच पुढच्या चालीत तुम्ही माझंही शेवटचं मोहरं मारलंत, तर? बहुतेक ठिकाणी हा डाव बरोबरीचा धरत. मदिनेत मात्र ज्याने आधी मारलं, त्याची जीत मानत. ही "मदिनेची जीत" म्हणूनच ओळखली गेली. खेळ एक, पण शहराप्रमाणे निकाल वेगळा.

बादशाहाला शह नाही, पण चालायला घरही नाही, या स्थितीचंही तसंच. जुन्या शतरंजमध्ये कोंडणारा जिंकायचा. इंग्लंडमध्ये १७व्या-१८व्या शतकांत उलट कोंडणाराच हरायचा! आज तो डाव बरोबरीत सुटतो.

पंजाबचे मीर सुलतान खान हिंदुस्थानी पद्धतीने खेळ शिकले होते. त्या पद्धतीत प्याद्याला पहिल्या चालीतही दोन घरं नाहीत, किल्लेकोटही नाही. १९२९ साली ते इंग्लंडला गेले, तिथल्या नियमांनी खेळले आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेते ठरले. १९३२ आणि १९३३ मध्येही तेच जिंकले. नियम बदलले म्हणून त्यांची अक्कल कमी झाली नाही.

१९२४ मध्ये पॅरिसला 'फिडे' स्थापन झाली आणि पुढे जगभर एकच नियमावली रुजली. तरी तिच्या प्रस्तावनेतच मान्य केलंय की प्रत्येक प्रसंग नियमात बसवता येत नाही. जिथे नियम गप्प असेल, तिथे त्याच्यासारख्या प्रसंगाचा नियम पाहून निर्णय करावा. हे वाचून मला मदरशातला धडा आठवला. आपल्या फिकहमध्ये यालाच कियास म्हणतात. आणि मदिनेच्या लोकांच्या चालीरीतीला इमाम मालिक यांनी दलील म्हणून वजन दिलं होतं, हेही आपण शिकतो.

म्हणजे मतभेद मिटवायची हत्यारं आपल्याकडे आहेतच. अडचण एवढीच, की आपण ती डाव हरू लागल्यावर बाहेर काढतो. नियम कोणता, हे मोहरी मांडतानाच विचारायचं असतं. मध्येच पेच आला, तर निवाडा तिसऱ्याने करायचा. ज्याचा बादशाह अडकलाय त्याने नाही.

नानांशी मी ते कधी आधी बोललोच नाही. बोललो असतो, तर भांडणं वाचली असती. डाव मात्र तेच जिंकले असते.