रोजावर की उक्तं? रुग्णालयाच्या बिलाची गोष्ट

घर रंगवायला काढलं की पहिला प्रश्न हाच येतो: माणसं रोजावर लावायची की काम उक्तं द्यायचं? रोजावर दिलं तर काम लांबतं, हे आपल्याला माहीत असतं. उक्तं दिलं तर ते पटकन उरकतं, पण दुसरा हात नीट मारला का, हे आपल्यालाच बघावं लागतं. रंगारी तोच, भिंत तीच. पैसे कशाचे मोजायचे एवढं बदललं की काम बदलतं.

माझ्या पीएचडीचा विषय एका वाक्यात सांगायचा तर हाच प्रश्न रुग्णालयाला विचारणं. आरोग्यसेवेची नवी ‘बिझनेस मॉडेल्स’ सुचवणाऱ्या सल्लागारांच्या सादरीकरणांत चकचकीत शब्द बरेच असतात. पण शब्द बाजूला सारले की खाली बहुतेक वेळा एकच गोष्ट उरते: बिलाचं एकक कोणतं? दिवस, प्रत्येक तपासणी, की अख्खा आजार? आज या इतिहासातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रसंग सांगते. मोजमापासाठी बनवलेली एक पट्टी दरपत्रक कशी झाली, त्याची ही गोष्ट.

सुरुवात अमेरिकेत. 1965 साली अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली आणि 65 वर्षांवरच्या नागरिकांच्या रुग्णालयाच्या खर्चाची मोठी जबाबदारी सरकारने उचलली. रुग्णालयांना पैसे कसे द्यायचे? तर जो ‘वाजवी खर्च’ होईल तो, आणि सुरुवातीला त्यावर 2 टक्के जादा. म्हणजे आधी खर्च करा, मग बिल पाठवा. हे आपलं रोजावरचं काम. रुग्ण जितके दिवस राहील तितकं बिल मोठं. यात कुणी लबाडी करायलाच हवी असं नाही. काटकसर केली तर मिळणारे पैसे कमी, मग ती करायची कशाला? पुढच्या दीड दशकात हा खर्च भराभर वाढत गेला.

त्याच कायद्यात एक अट होती. रुग्णांना विनाकारण ठेवून घेतलं जात नाही ना, हे तपासायला प्रत्येक रुग्णालयाने समिती नेमायची. येल विद्यापीठाशी जोडलेल्या रुग्णालयातले डॉक्टर ही तपासणी कशी करावी या विचारात पडले. ते गेले रॉबर्ट फेटर यांच्याकडे. फेटर डॉक्टर नव्हते. कारखान्यातलं उत्पादन आणि गुणवत्ता कशी सांभाळायची, हा त्यांचा विषय. त्यांच्या जोडीला जॉन थॉम्पसन होते. थॉम्पसन मूळचे परिचारक, पुढे रुग्णालय प्रशासक आणि मग येलमध्ये प्राध्यापक.

कारखान्याच्या माणसाने साहजिकच विचारलं, तुमचं उत्पादन काय? रुग्णालयापाशी याचं उत्तर नव्हतं. खाटा किती, एक्स-रे किती, हे मोजलेलं होतं. पण ‘एक बरा केलेला रुग्ण’ हे एकक नव्हतंच, कारण मोतीबिंदूचा रुग्ण आणि हृदयविकाराचा रुग्ण एका पारड्यात कसे घालणार?

मग त्यांनी संख्याशास्त्राची मदत घेतली. डिस्चार्ज झालेल्या लाखो रुग्णांच्या नोंदी घेऊन त्यांचे गट पाडले. निदान काय, शस्त्रक्रिया झाली का, वय किती, सोबत दुसरा आजार आहे का, हे बघायचं. गट असा हवा की डॉक्टरला तो वैद्यकीयदृष्ट्या पटेल आणि त्यातले रुग्ण साधारण सारखेच दिवस राहिलेले असतील. अशा गटांना नाव मिळालं डायग्नोसिस रिलेटेड ग्रुप, म्हणजे डीआरजी. सुरुवातीच्या एका आवृत्तीत असे 383 गट होते.

हेतू लक्षात घ्या. एका गटातले बहुतेक रुग्ण समजा 5 दिवसांत घरी जातात आणि एक जण 14 दिवस राहतो, तर त्या एकाची फाईल उघडून बघा, इतकंच. उत्तर ‘गुंतागुंत झाली’ असं असू शकतं किंवा ‘तपासणीचा रिपोर्ट वेळेत आला नाही’ असंही. डीआरजी हे प्रश्न विचारण्याचं साधन होतं.

पण सरकारला त्यात दुसरंच काही दिसलं. 1980 मध्ये न्यू जर्सी राज्याने 26 रुग्णालयांपासून सुरुवात करून गटानुसार पैसे द्यायला घेतले. एप्रिल 1983 मध्ये अध्यक्ष रेगन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि 1 ऑक्टोबरपासून मेडिकेअरने ही पद्धत देशभर लागू करायला सुरुवात केली. गट आता 470 आणि प्रत्येकाचा दर आधीच ठरलेला. रुग्ण 4 दिवसांत घरी गेला तर उरलेले पैसे रुग्णालयाचे. 12 दिवस राहिला तर तोटाही रुग्णालयाचा. काम उक्तं झालं.

परिणाम लगेच दिसला. वृद्ध रुग्णांचा रुग्णालयातला सरासरी मुक्काम दोन-तीन वर्षांतच घटला. रुग्णांना लवकर आणि अर्धवट बरं करून घरी पाठवतात, अशी ओरड सुरू झाली. रँड संस्थेचा अभ्यास 1990 मध्ये आला. त्यात चित्र संमिश्र होतं: मृत्यूंचं प्रमाण वाढलं नव्हतं, पण प्रकृती स्थिर नसताना घरी पाठवलेल्यांचं प्रमाण वाढलं होतं.

दुसरा परिणाम कागदावर झाला. निदान कसं लिहायचं यावर गट ठरतो आणि गटावर पैसे. मग निदान जरा ‘भारी’ लिहिण्याकडे कल जाणारच. डोनाल्ड सिमबोर्ग या डॉक्टरने या प्रकाराला ‘डीआरजी क्रीप’ असं नाव देऊन इशारा दिला होता, तोही 1981 मध्ये, म्हणजे देशभर अंमल होण्याच्या दोन वर्षं आधी! पुढे योग्य कोड लिहून द्यायचा हा स्वतंत्र व्यवसायच झाला.

इथे थोडं विज्ञान. डीआरजीचा दर म्हणजे सरासरी. सरासरी हजारो रुग्णांना मिळून लागू होते, एकट्याला नाही. मोठ्या रुग्णालयात जास्त खर्चाचे आणि कमी खर्चाचे रुग्ण एकमेकांना सांभाळून घेतात. वर्षाला त्या गटातले दहाच रुग्ण येणाऱ्या छोट्या रुग्णालयात दोन अवघड केस आल्या की सगळा हिशोब कोलमडतो. म्हणून 1983 च्या व्यवस्थेत फारच खर्चिक रुग्णांसाठी जादा रकमेची तरतूद ठेवावी लागली. ती नसेल तर रुग्णालयाला सगळ्यात सोपा उपाय असतो, अवघड रुग्णाला दारातूनच दुसरीकडे पाठवणं.

हे सगळं आपल्यापासून लांबचं नाही. महाराष्ट्रात 2012 साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तीच 2017 पासून महात्मा फुले जन आरोग्य योजना. 2018 मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली. दोन्हींचा पाया ‘पॅकेज’, म्हणजे ठरलेल्या उपचाराला ठरलेली रक्कम. आपलं पॅकेज डीआरजीइतकं बारीक नाही. तीच शस्त्रक्रिया चाळिशीतल्या धडधाकट माणसाची आणि मधुमेह, किडनीचा त्रास असलेल्या सत्तरीतल्या आजींची असेल, तर खर्चात मोठा फरक पडतो. दर मात्र एकच असेल, तर तोट्याची भीती आजींच्याच वाट्याला येते.

म्हणून नवं मॉडेल कुणी मांडलं की मी तीन प्रश्न विचारते. पैसे कशाचे मोजताय? या एककामुळे काय करायचं टाळलं जाईल? आणि टाळलेलं कोण बघणार? फेटर आणि थॉम्पसन यांची पट्टी मुळात या तिसऱ्या प्रश्नासाठीच होती. दरपत्रक झाल्यावर तिच्याकडे पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच बघितलं गेलं. काम उक्तं द्यायला हरकत नाही, पण मग भिंतीवर हात फिरवून बघणारं माणूसही नेमावं लागतं, आणि त्याचा पगार दरपत्रकाच्या बाहेरून द्यावा लागतो.