अल्पतंतू आहार आणि पोटाचे विकार

धान्याचा कोंडा, डाळी-फळांची साले, बिया, भाज्यांचे देठ असा न पचता पुढे सरकणारा चोथा मुद्दाम कमी ठेवलेला आहार. जालना जिल्ह्यातील तीर्थपुरीच्या (ता. घनसावंगी) परिसरात जेवणाचा जुना पाया ज्वारीची भाकरी. पोट बिघडले की ती बंद होते आणि मऊ भात, मुगाच्या वरणाचे पाणी, ताक यांचे पथ्य सुरू होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू आहेत, सडलेल्या तांदळात तीनपेक्षा कमी. घरचे पथ्य म्हणजे अल्पतंतू आहारच.

हे पथ्य किती दिवस आणि कोणी पाळावे, यावर वैद्यकात एकमत नाही. मोठ्या आतड्याच्या भिंतीला बारीक पिशव्या येतात त्या विकारात पूर्वी चोथा वर्ज्य असे. पेंटर आणि बर्किट या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७१ मध्ये उलट मांडणी केली: हा विकार चोथ्याच्या अभावानेच होतो. युगांडात शस्त्रवैद्य म्हणून काम केलेल्या बर्किट यांच्या प्रचारामुळे पुढे सरसकट कोंडा खाण्याचे सल्ले सुरू झाले. मात्र २०१२ मधील एका अमेरिकी पाहणीत जास्त तंतू खाणाऱ्यांतच अशा पिशव्या अधिक आढळल्या. त्याच वर्षी सिंगापूरच्या ६३ बद्धकोष्ठ रुग्णांपैकी तंतू पूर्ण सोडलेल्यांना आराम पडल्याचे प्रसिद्ध झाले. या अभ्यासाचा दाखला फार दिला जातो. पण त्यात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, म्हणून त्यावर सगळा भार टाकता येत नाही.

वाद बराचसा फुकाचा आहे, कारण सगळे तंतू एका मापाने मोजले जातात. नेदरलँड्समधील २००९ च्या चाचणीत आतड्याच्या क्षोभविकाराच्या (आयबीएस) रुग्णांना इसबगोल, गव्हाचा कोंडा किंवा तांदळाचे पीठ दिले गेले. पाण्यात फुगून बुळबुळीत होणाऱ्या इसबगोलाने गुण आला. कोंड्याने अनेकांचा त्रास वाढला आणि त्यांनी चाचणी मध्येच सोडली. दाणे आणि मक्याच्या लाह्या पिशव्यांत अडकतात ही समजूतही २००८ च्या सुमारे ४७,००० पुरुषांच्या पाहणीत टिकली नाही. 

आतडे अरुंद झालेला क्रोन विकार, आतड्याची ताजी शस्त्रक्रिया आणि मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीने करायच्या तपासणीआधीचे दिवस, इथे मात्र चोथा कमी करण्याबद्दल फारसा वाद नाही. एरवी पथ्य लांबले तर बद्धकोष्ठच बळावण्याचा धोका असतो. आयुर्वेदात शोधनानंतर, म्हणजे वमन-विरेचनासारख्या शुद्धीनंतर, पातळ पेयेपासून घट्ट विलेपीकडे आणि मग नेहमीच्या अन्नाकडे पायरीपायरीने जायला सांगितले आहे. पोट सावरल्यावर भाकरीही तशीच सुरू करावी, आधी चतकोर ताकात कुस्करून, सोबत पुरेसे पाणी. एकदम भरपूर चोथा घेतला तर गुबारा धरतो. शौचात रक्त, घटते वजन किंवा रात्री झोपमोड करणारे जुलाब असतील तर पथ्याचे प्रयोग न करता तपासणी करून घ्यावी.