समूहबद्ध आभासी फाइल-सर्व्हरचा बॅकअप

दोन वा अधिक आभासी यंत्रे एकाच सामायिक डिस्कवरील दप्तराचा कारभार सांभाळतात, तेव्हा त्या दप्तराची सुसंगत प्रत राखण्याची पद्धती. एक यंत्र बंद पडताच दुसरे कारभार हाती घेते. तथापि चुकून पुसलेली फाइल सर्वच यंत्रांना अंतरत असल्यामुळे समूहरचना बॅकअपची जागा घेऊ शकत नाही. विंडोज सर्व्हर २००३ पासूनची व्हॉल्यूम शॅडो कॉपी सेवा लेखनक्रिया क्षणमात्र स्थगित करून छायाप्रत घेते. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ आवृत्तीतील सामायिक आभासी डिस्कची प्रत आभासी यंत्रे चालवणाऱ्या यजमान संगणकावरून घेता येत नसे, म्हणून बॅकअपचा एजंट (प्रत घेणारा प्रोग्राम) अतिथी म्हणजे आभासी यंत्रांतच बसवावा लागे. २०१६ च्या आवृत्तीतील ‘व्हीएचडी सेट’ रचनेने ही अडचण निवारली. प्रत मूळ डिस्कपासून अलग ठेवणे व तीवरून दप्तर वेळोवेळी पुनःस्थापित करून पाहणे अत्यावश्यक होय.