नाक्यावरचे चाकण

१६६० च्या जून महिन्यात पुण्यात तळ देऊन बसलेल्या शाहिस्तेखानाने पहिला हात घातला तो सिंहगडाला नव्हे, चाकणला. चाकणचा संग्रामदुर्ग हा सपाटीवरचा भुईकोट. ना कडा, ना घाटवाट. तट, बुरूज आणि खंदक एवढाच त्याचा आधार. पण पुण्याहून अहमदनगरकडे जाणारी जवळची वाट त्याच्या माऱ्यात होती. खानाची रसद नगरहून यायची, म्हणून आधी चाकण घेणे भाग होते.

२१ जूनला वेढा पडला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा मूठभर शिबंदीनिशी जवळजवळ दोन महिने भर पावसात लढला. १४ ऑगस्टला सुरुंग उडाला, त्यासरशी एक बुरूज ढासळला आणि दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. या छोट्या गढीपायी मोगलांची २६८ माणसे कामी आली, ६०० जखमी झाली. खानाने जागेचे नाव इस्लामाबाद ठेवले, पण लोकांच्या तोंडी ते बसले नाही.

रस्ता कुणाच्या ताब्यात, या प्रश्नाने चाकणचा इतिहास वेळोवेळी घडवला आहे. बहमनी काळात कोकणच्या मोहिमांसाठी इथे लष्करी ठाणे होते. निजामशाहीत मालोजी भोसल्यांना पुणे-सुप्याच्या जहागिरीबरोबर शिवनेरी आणि चाकणचे किल्लेही मिळाले. १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि त्याचे लष्करी मोल संपले. उरला तो चार दिशांचा नाका आणि त्यावर भरणारा बाजार.

तो बाजार गावाला पुरून उरला. शनिवारी जनावरे, हंगामात कांदा आणि बटाटा. खेड तालुक्याबरोबर आंबेगाव, जुन्नर, शिरूरकडचा मालही इथे उतरू लागला. खेड कृषी उत्पन्न बाजार समितीचे मुख्य आवार राजगुरुनगरला, पण कांद्याच्या लिलावासाठी नाव चाकणच्या महात्मा फुले बाजाराचेच.

याच कांद्याने १९७० च्या दशकाच्या अखेरीस चाकणला पुन्हा बातमीत आणले. स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेची नोकरी सोडून आलेले शरद जोशी यांनी चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि शेती तोट्यात का जाते, याचा हिशेब स्वतःच्या बांधावर मांडला. १९७९ मध्ये शेतकरी संघटना उभी राहिली, त्याच वर्षी ‘वारकरी’ साप्ताहिक निघू लागले. मार्च १९८० मध्ये कांद्याच्या भावासाठी पुणे-नाशिक रस्ता अडवला गेला. शाहिस्तेखानाला जे उमगले होते, तेच शेतकऱ्यांनीही हेरले होते: चाकणचा नाका बंद झाला की वरपर्यंत ऐकू जाते.

या आंदोलनाच्या थोडेच आधी, जानेवारी १९८० मध्ये, खेडच्या पश्चिमेकडील वांद्रे गावाहून चाकणपर्यंत सुमारे ६४ किलोमीटरचा पायी मोर्चा आला होता. मागणी कांद्याच्या भावाची नव्हती. भामा नदीच्या खोऱ्यातल्या गावांना धड रस्ता हवा होता. पावसाळ्यात आजाऱ्याला दवाखान्यात आणि माल बाजारात न्यायचा कसा, हा त्यांचा साधा प्रश्न होता. चाकणच्या आसपास सार्वजनिक सोयींसाठी झालेल्या भांडणांत हा मोर्चा ठळक आहे, पण त्याची आठवण फार कुणी काढत नाही.

तोवर वीस-पंचवीस किलोमीटर दक्षिणेला वेगळेच प्रकरण घडून गेले होते. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना आला, सोबत कामगारांची वसाहत आली. १९६० नंतर औद्योगिक विकास महामंडळाने भोसरी, आकुर्डी, चिंचवडच्या शेतांत भूखंड पाडले. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. कारखान्यांत येणाऱ्या मालावर जकात होती आणि ती थेट पालिकेच्या तिजोरीत पडत होती. रावेतहून उचललेले पवनेचे पाणी, रुंद रस्ते, संत तुकारामनगरमधले यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, हे सगळे त्या जकातीच्या बळावर उभे राहिले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाखांवर गेली होती.

पिंपरी-चिंचवड भरले तसा उद्योग नाशिक रस्त्याने उत्तरेला सरकला. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना चाकणला सुरू झाला. पुढे ‘पल्सर’ इथून बाहेर पडू लागली. मर्सिडीज-बेंझची गाडी १९९५ पासून पिंपरीत, टेल्कोच्या आवारात तयार होत होती. २००९ मध्ये कंपनीने चाकणला बस्तान हलवले. त्याच वर्षी फोक्सवॅगन आली, पुढल्या वर्षी महिंद्र. त्यांच्यामागे सुट्या भागांचे शेकडो छोटे-मोठे कारखाने आले.

मात्र ‘चाकणचे’ म्हणवणारे हे कारखाने बहुतांश चाकणच्या हद्दीत नाहीत. ते महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, सावरदरी, वासुली अशा गावांच्या शिवारात आहेत. भूखंड महामंडळाचा, कर त्या-त्या ग्रामपंचायतीचा, नाव चाकणचे. चाकण गावाच्या वाट्याला आली ती माणसे. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले कंत्राटी कामगार इथे आणि शेजारच्या नाणेकरवाडी-मेदनकरवाडीत कॉट बेसिसवर किंवा भाड्याच्या खोल्यांत राहू लागले. २०११ च्या जनगणनेत चाकणची लोकसंख्या ४१ हजारांवर होती. एवढ्या वस्तीचा पाणी-कचरा-गटारांचा कारभार तेव्हाही ग्रामपंचायतच पाहत होती.

नगरपरिषद झाली २०१५ मध्ये. पिंपरीला पालिका मिळाली तेव्हा कारखाने अजून येत होते. चाकणला मिळाली तेव्हा ते येऊन स्थिरावले होते. शिवाय ज्या जकातीवर पिंपरी-चिंचवड उभे राहिले, ती राज्यातल्या नगरपरिषदांपुरती १९९९ मध्येच रद्द झाली होती. म्हणजे चाकणच्या नगरपरिषदेच्या दारावरून रोज कोट्यवधींचा माल जातो आणि त्यातला पैसाही तिला नाक्यावर घेता येत नाही. तिचा भार घरपट्टी, पाणीपट्टी आणि सरकारी अनुदानावर.

मोठे प्रकल्पही चाकणला हुलकावणी देत राहिले. पुण्याचा नवा विमानतळ चाकण-राजगुरुनगर पट्ट्यात होणार, ही चर्चा वर्षानुवर्षे चालली. २०१६ मध्ये पुरंदरची निवड झाली. चाकणवरून जाणार असलेली पुणे-नाशिक वेगवान रेल्वे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीपाशी अडली आणि मार्ग बदलायचे ठरले. परिणामी सगळा भार पुणे-नाशिक आणि तळेगाव-शिक्रापूर या दोन रस्त्यांवर. तळेगाव चौकात ते एकमेकांना छेदतात आणि शिफ्ट सुटताना कंपन्यांच्या बस, कंटेनर, सहा आसनी रिक्षा आणि दुचाक्या एकमेकांत अडकून पडतात. ३० जुलै २०१८ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात इथेच जाळपोळ झाली, बसगाड्या पेटवल्या गेल्या. पंधरा दिवसांनी पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि चाकण ग्रामीण पोलिसांकडून त्याच्याकडे गेले. कायदा-सुव्यवस्थेच्या नकाशावर चाकण शहर ठरले ते असे.

ऑगस्ट २०२५ मध्ये उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी भल्या पहाटे इथल्या वाहतूक कोंडीची पाहणी केली आणि पुणे जिल्ह्यात आणखी तीन महापालिका कराव्या लागतील, त्यांतली एक चाकण परिसरासाठी, असे सांगितले. तशी महापालिका झाली तर कारखान्यांची गावे आणि कामगारांची गावे पहिल्यांदाच एका तिजोरीत येतील. ज्यांच्या शिवारात मोठ्या कंपन्या आहेत, त्या ग्रामपंचायतींचे स्वतःचे मोठे उत्पन्न त्यात विलीन होईल; नाणेकरवाडी-मेदनकरवाडीसारख्या दाट वस्तीच्या गावांची गटारे आणि पाण्याच्या वाहिन्याही त्याच हिशेबात धराव्या लागतील. हद्द कुठवर ओढायची, हा वाद त्यामुळे नकाशापेक्षा घरपट्टीच्या वहीवरच अधिक रंगणार आहे.